मैदानावर हृदयाची चाचणी: कशी घ्यायची, आकडे कसे वाचायचे, कुठे थांबायचं

खेळाडूच्या हृदयाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. या हृदयात काही दोष आहे का, हा पहिला. ते किती काम पेलतं आणि काम संपल्यावर किती लवकर शांत होतं, हा दुसरा. स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि वही घेऊन मैदानावर फक्त दुसऱ्याचं उत्तर मिळतं. पहिल्यासाठी डॉक्टर, ईसीजी आणि गरज पडल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. भरतीच्या अकादमीत, तालमीत आणि रनिंग ग्रुपमध्ये हे दोन प्रश्न सर्रास एक केले जातात. सोळाशे मीटर जोरात मारतो म्हणजे पोराचं हृदय ठणठणीत, असं धरून चालतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार असलेला मुलगाही सगळ्यांच्या पुढे पळू शकतो, आणि त्याला स्वतःला कशाचीच जाणीव नसते.

म्हणून चाचणीआधी चाळणी लावायची. पळवण्याआधी प्रत्येकाला, शक्यतो पालकांसमोर, हे विचारा: पळताना किंवा पळून थांबल्याबरोबर कधी चक्कर येऊन पडलास का? जोर लावताना छातीत दुखतं, आवळल्यासारखं होतं का? बसल्या बसल्या धडधड सुरू होऊन अचानक थांबते का? बरोबरीच्यांपेक्षा फार लवकर धाप लागते का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? (संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुलं आपल्याकडे आजही सापडतात.) घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का?

शेवटचा प्रश्न थोडा खोदून विचारावा लागतो. 'काका अटॅकने गेले' असं उत्तर आलं तर वय विचारा. 'झोपेत गेला', 'चांगला पोहणारा होता तरी विहिरीत बुडाला', 'फिट येऊन गेला' ही उत्तरंही मोजायची, कारण हृदयाच्या विद्युत दोषांमुळे होणारे मृत्यू घरच्यांच्या आठवणीत असेच राहतात. यापैकी एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर त्या दिवशी चाचणी नाही. आधी ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. भरती आठवड्यावर आली असली तरी हाच नियम.

वयाच्या पस्तिशीनंतर कारणं बदलतात. त्याआधी जन्मजात किंवा आनुवंशिक दोष जास्त, त्यानंतर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे जास्त. चाळिशीत पहिल्यांदा हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं आणि तंबाखू, मधुमेह किंवा घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर टीएमटीबद्दल (चालत्या पट्ट्यावर पळवत ईसीजी काढण्याची चाचणी) डॉक्टरांना विचारावं. टीएमटी चांगली आली म्हणजे सगळं माफ, असं मात्र नाही. रक्तवाहिनीतला थर छोटा असेल तर पट्ट्यावर काहीच दिसत नाही, आणि तोच थर नंतर फुटू शकतो.

ताप असताना किंवा ताप उतरून दोन-चार दिवस झाले असताना जोर लावायला लावणारी कोणतीही चाचणी घेऊ नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या काळात जोर लावणं जिवावर बेतू शकतं. ताप गेल्यावरही छातीत दुखणं, धडधड किंवा जिना चढताना धाप राहिली असेल तर ते 'अशक्तपणा' म्हणून सोडून द्यायचं नाही. अशी सूज निघाली तर डॉक्टर सहसा तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवायला सांगतात.

पळवण्याआधी मैदानाची तयारी

गेटची किल्ली कोणाकडे आहे आणि रुग्णवाहिका आत कुठून येईल, हे आधी ठरवा. १०८ ला फोन करणारा माणूस नेमा. जवळ एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र असेल तर ते नेमक्या कोणत्या कपाटात आहे ते पाहून घ्या आणि कपाटाला कुलूप असेल तर काढायला लावा.

पळता पळता कोणी कोसळलं, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय थांबलं आहे असंच धरायचं. इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे हातपायांचे झटके: हृदय थांबल्यावर सुरुवातीचे काही सेकंद फिट आल्यासारखे झटके येतात, आणि गर्दी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावते. दुसरी म्हणजे अधूनमधून येणारे घुरघुरते आचके. तो श्वास नव्हे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. एईडी आलं की लगेच लावा, ते स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं. विजेचा झटका मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून गाडीत घालून दवाखान्याकडे पळण्यात वेळ घालवू नका. जागेवर दाबत राहा.

नाडी मोजणं, म्हणजे सगळ्याचा पाया

बहुतेक चुकीचे निकाल इथेच तयार होतात. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आतल्या खळगीत तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं. अंगठ्याने मोजू नये, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि गोंधळ होतो. पळून आल्यावर मनगट सापडत नसेल तर मानेला, घाटीच्या बाजूला, एकाच बाजूने हलकं बोट ठेवा. तिथे जोरात दाबलं तर दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंमुळे हृदय मंदावतं आणि आकडा खराखुरा कमी येतो. दोन्ही बाजू एकदम कधीच दाबू नका.

मोजणी सुरू करताना स्टॉपवॉच ज्या ठोक्यावर दाबलं तो ठोका 'शून्य', पुढचा 'एक'. पहिल्याला 'एक' म्हटलं की १५ सेकंदांच्या मोजणीत एक ठोका जास्त, आणि चारने गुणल्यावर मिनिटाला चार जास्त. १० सेकंद मोजून सहाने गुणणाऱ्याची हीच चूक सहाची होते. विश्रांतीची नाडी म्हणून पूर्ण ६० सेकंद मोजा. श्रमानंतरची नाडी मात्र १५ सेकंदच मोजायची, कारण ती भराभर उतरत असते आणि पूर्ण मिनिट मोजलं तर सुरुवात आणि शेवट यांची सरासरी हाती येते.

तरुण खेळाडूची नाडी श्वास घेताना थोडी वाढते, सोडताना मंदावते. हे निरोगी लक्षण आहे, घाबरायचं नाही. श्वासाशी कसलाच मेळ नसलेली, वेडीवाकडी नाडी लागली तर मात्र ईसीजी काढा.

मनगटी घड्याळाचा हिरवा दिवा बसून असताना बरा चालतो. पळताना त्याची एक खास खोड आहे: ते नाडीऐवजी पावलं मोजू लागतं. सुरुवात केल्या केल्या, अजून धापही लागली नसताना १७० दिसतंय आणि तुमची पावलंही मिनिटाला साधारण तितकीच पडताहेत, तर तो आकडा फेकून द्या. थंडीत हात गार पडले, पट्टा सैल असला, किंवा कुस्ती-कबड्डीसारखी पकड आवळली की तीच गत. घड्याळ वापरायचंच असेल तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

छातीचा पट्टा यापेक्षा कितीतरी भरवशाचा, आणि संघाकडे दोन-तीन पट्टे असले तरी पाळीपाळीने पुरतात. त्याच्या आतल्या रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या करून, छातीच्या स्नायूंच्या अगदी खाली बांधायचा. कोरडा बांधला तर हिवाळ्याच्या सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं २०० च्या वर उड्या मारतो. कोरड्या हवेत फडफडणाऱ्या सिंथेटिक टी-शर्टमुळेही हे होतं. वापरल्यावर यंत्राची डबी पट्ट्यापासून काढून ठेवा, नाहीतर ओलाव्याने ती चालूच राहते आणि बटण-सेल लवकर संपतो. घामाचं मीठ साचलं की पट्टा मरतो, म्हणून दर वेळी साध्या पाण्याने धुवा.

सकाळची नोंद

उठल्यावर लघवीला जाऊन या, पुन्हा पाच मिनिटं उताणं पडा, शेवटचं एक मिनिट नाडी मोजा. मग उभं राहा, कशाला टेकू नका, आणि उभं राहिल्यानंतरच्या दुसऱ्या ते तिसऱ्या मिनिटात पुन्हा मोजा. चहा आणि मोबाईल दोन्ही नंतर. सहनशक्तीच्या खेळाडूची पडून मोजलेली नाडी ४० ते ६० च्या दरम्यान असणं नेहमीचं आहे. उभं राहिल्यावर ती बहुधा दहा-वीस ठोक्यांनी वाढते.

दोन आठवडे रोज नोंद केली की तुमच्या नाडीचा नेहमीचा आवाका कळतो, आणि खरी माहिती त्यापासूनच्या फरकात असते. पडल्याची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर आणि ती दोन-तीन दिवस तशीच, तर झोप, पाणी, येऊ घातलेला ताप किंवा अतिसराव यांपैकी काहीतरी आहे. त्या दिवशी जोराचा सराव नको. मुलींनी नोंदीत पाळीचा दिवस लिहावा, कारण पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नाडी दोन-चार ठोक्यांनी वर राहणं स्वाभाविक आहे. पण महिनाभर सगळेच आकडे हळूहळू चढत असतील, त्याच वेगाला जास्त धाप लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं की रक्त कमी ऑक्सिजन वाहतं आणि ती तूट हृदय जास्त ठोक्यांनी भरून काढतं. कित्येक कोच अशा मुलीला 'आळशी' ठरवून अजून पळवतात.

उभं राहिल्यावर नाडी ३० हून जास्त (विशीच्या आतल्यांत ४० हून जास्त) वाढून तशीच राहते, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे जा. एखाद्या उन्हाळी सकाळी तसं झालं तर बहुधा आदल्या दिवशी पाणी कमी पडलेलं असतं.

नाडीतल्या चढउतारांवरून 'एचआरव्ही' (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला बदल) सांगणारी अ‍ॅप्स वाईट नाहीत, पण एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. सात दिवसांची सरासरी पाहा.

रक्तदाबाचं यंत्र दंडाचं घ्या. पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून सरासरी घ्या. पैलवानांच्या बाबतीत एक ठरलेली गफलत आहे: यंत्रासोबत येणारा नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. ३८ च्या दंडावर तोच ताणून बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं. मोठा कफ वेगळा मिळतो, तो घ्या. नीट मोजूनही घरी वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर तपासणी हवी.

बाकावरची तीन मिनिटं

एकाच दिवसात पंचवीस-तीस जणांची चाचणी घ्यायची असेल तर क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टसारखं सोपं काही नाही. लागतं काय? ४१.३ सेंटिमीटर उंचीचा न डगमगणारा बाक किंवा पेटी, मोबाईलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टकटक करणारं अ‍ॅप), स्टॉपवॉच. ही उंची ठरली ती प्रेक्षक-गॅलरीच्या बाकांवरून, त्यामुळे स्टेडियमच्या पायऱ्या कधीकधी नेमक्या बसतात. पण मोजपट्टी लावल्याशिवाय धरून चालू नका. घराच्या जिन्याची पायरी १५ ते १७ सेंटिमीटरची असते, तिथे हे सूत्र चालत नाही. सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर १८ मिलिमीटरचं प्लाय, आत मधोमध एक उभी फळी, खाली रबर आणि वर खरखरीत चटई इतकं सांगा.

मुलांसाठी मेट्रोनोम ९६ वर, म्हणजे मिनिटाला २४ चढ-उतार. मुलींसाठी ८८, म्हणजे २२. एका ठोक्याला एक पाऊल: वर, वर, खाली, खाली. आधी पंधरा-वीस सेकंद ताल पकडू द्या, थोडं थांबून खरी तीन मिनिटं सुरू करा. वर गेल्यावर गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. अर्धवट वाकून खाली येणारा कमी काम करतो आणि त्याचा निकाल उगाच चांगला दिसतो. मध्ये एकदा पुढचा पाय बदलायला हरकत नाही, ताल चुकता कामा नये.

तीन मिनिटं झाली की जागेवर उभं राहायचं. पहिली पाच सेकंदं नाडी शोधण्यासाठी, मग ५ व्या ते २० व्या सेकंदापर्यंत मोजायची आणि चारने गुणायचं. या आकड्यावरून शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं (व्हीओटू मॅक्स) त्याचा अंदाज निघतो:

मुलगे: १११.३३ वजा (०.४२ × नाडी)
मुली: ६५.८१ वजा (०.१८४७ × नाडी)

मुलाची नाडी १४८ आली तर ४९.२, मुलीची १६४ आली तर ३५.५, एकक मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मुलाच्या निकालात जवळजवळ १.७ चा फरक पडतो. म्हणून दोघांत एकच-दोनचा फरक असेल तर 'हा त्याच्यापेक्षा फिट' असं म्हणू नका. निवड चाचणीला हे सूत्र लावणं आम्हाला मुळीच पटत नाही. एकाच खेळाडूची जूनमधली आणि ऑगस्टमधली नाडी ताडून पाहायला ते उत्तम आहे.

बुटक्या मुलामुलींना ही पेटी फार उंच पडते. चढताना मांडी आडवीच्या वर जात असेल तर हृदयाआधी पाय थकतात. त्यांच्यासाठी ३० सेंटिमीटरची पेटी घ्या, सूत्र सोडून द्या आणि फक्त नाडीची नोंद ठेवा. पुढच्या वेळी तीच पेटी, तोच ताल. गुडघा दुखत असेल तर ही चाचणी नकोच.

बाक नसेल तर रुफिए चाचणी. पाच मिनिटं बसून नाडी (पहिली), ४५ सेकंदांत ३० उठाबशा, संपल्याबरोबर १५ सेकंद मोजून दुसरी, आणि त्याच मिनिटाच्या शेवटच्या १५ सेकंदांत तिसरी, सगळ्या चारने गुणून. तिघींच्या बेरजेतून २०० वजा करून दहाने भागा. ६०, ११६, ७६ असेल तर ५.२. शून्याच्या खाली उत्कृष्ट, पाचपर्यंत चांगलं, दहापर्यंत मध्यम, त्यापुढे कमकुवत. ज्या पोरांनी तालमीत रोज शेकडो बैठका मारल्या आहेत त्यांच्यासाठी ही चाचणी फार सोपी पडते, तिथे तिचा उपयोग नाही.

बारा मिनिटं आणि वीस मीटर

कूपरची बारा मिनिटांची धाव १९६८ पासून चालत आली आहे. बारा मिनिटांत किती मीटर, त्यातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागा. २४०० मीटरला व्हीओटू मॅक्स ४२.४ येतो. अडचण असते ती मैदानाची. तालुक्याच्या ठिकाणी चुन्याने आखलेला 'ट्रॅक' २०० आहे की २२० हे कोणालाच माहीत नसतं. मोजपट्टीने मोजा, आणि आतल्या कडेला उंचवटा असेल तर कडेपासून ३० सेंटिमीटर, नुसती चुन्याची रेघ असेल तर २० सेंटिमीटर बाहेरून मोजा, कारण पावलं तिथे पडतात. एका फेरीत ९ मीटरची चूक आठ फेऱ्यांत ७२ मीटरची होते, म्हणजे निकालात १.६ ची. छोट्या गोल मैदानावर जीपीएस घड्याळावर विसंबू नका, वळणांवर ते कोपरे कापतं.

प्रत्येक धावणाऱ्यामागे फेऱ्या मोजणारा एक जोडीदार. शिटीला जिथे असाल तिथे खूण करून चालत राहायचं. पहिल्यांदा पळणारे पहिल्या फेरीत जीव तोडून पळतात आणि सातव्या मिनिटाला चालायला लागतात. तो निकाल हृदयाचा नसून घाईचा असतो. त्यामुळे पहिली धाव सरावाची समजा, आठवड्याने पुन्हा घ्या.

खो-खो, कबड्डी, फुटबॉलवाल्यांना सलग पळण्यापेक्षा वीस मीटरची बीप टेस्ट जवळची: वीस मीटरवरच्या दोन रेघांमध्ये ये-जा करायची आणि प्रत्येक बीपच्या आत पुढची रेघ गाठायची. ८.५ किलोमीटर प्रति तास वेगाने सुरुवात, दर मिनिटाला ०.५ ने वाढ, सलग दोन वेळा रेघ चुकली की बाहेर. सुरू करण्याआधी ध्वनिफितीतलं एक मिनिट स्टॉपवॉचने तपासा. मोबाईलवर कोणीतरी 'प्लेबॅक स्पीड' बदललेला असतो. दोन्ही टोकांना रेघेमागे दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवा आणि दव पडलेल्या गवतावर ही चाचणी घेऊ नका, वळताना पाय घसरतो. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची आणि मध्ये दम घ्यायला वेळ असतो, तेव्हा कबड्डीपटूंसाठी मध्ये विश्रांती असलेली यो-यो चाचणी आणखी बरी.

यापैकी कोणतीही धाव संपली की एक आकडा फुकट मिळतो आणि तो सोडू नये. थांबतानाची नाडी आणि सावकाश चालत ६० सेकंदांनंतरची नाडी, दोन्ही लिहा. फरक म्हणजे पहिल्या मिनिटातली उतरण. १८८ वरून १५० म्हणजे ३८. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टीएमटीनंतर सावकाश चालताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरण असलेल्यांत पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका जास्त दिसला. ते लोक मध्यमवयीन होते, खेळाडू नव्हते, त्यामुळे विशीतल्या धावपटूला ती रेघ लावण्यात अर्थ नाही. त्याने स्वतःच्या मागच्या नोंदीशी ताडावं. चाळिशीतल्या माणसाची उतरण मात्र पुन्हा पुन्हा १२ च्या आत येत असेल तर डॉक्टरांना सांगायला हवी. दर वेळी चालतच मोजा. बसलं किंवा झोपलं तर नाडी जास्त झपाट्याने उतरते आणि मागचा आकडा कामाचा राहत नाही. शिवाय जोरात पळून एकदम उभं राहिलं की पायांत रक्त साचतं आणि घेरी येते. अंतिम रेषेवर पोरं पडतात ती अनेकदा यानेच.

लांब पळणाऱ्यांसाठी

'२२० वजा वय' हे सूत्र जिममधल्या भिंतीवर चिकटवायला ठीक. खरी कमाल नाडी त्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणं अगदी सामान्य आहे. २०८ वजा (०.७ × वय) थोडं बरं: विशीत १९४, चाळिशीत १८०, पन्नाशीत १७३. पण तेही सरासरीच. स्वतःची हवी असेल तर २० मिनिटं वॉर्म-अप, मग दोन-तीन मिनिटांच्या मध्यम चढावर तीन वेळा वाढत्या जोराने पळा, प्रत्येक वेळी चालत खाली या, आणि तिसऱ्या वेळी शेवटचं अर्धं मिनिट सगळं झोकून द्या. सर्वांत वरचा आकडा तुमचा. एकट्याने करायचं नाही, आणि पस्तिशीनंतर तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच.

सरावाचे टप्पे ठरवायला कमाल नाडीपेक्षा उंबरठ्याची नाडी (ज्याच्यापुढे जोर फार वेळ टिकत नाही ती) उपयोगी. सपाट रस्त्यावर ३० मिनिटं, तेवढा वेळ टिकेल इतक्या जोरात पळा. दहाव्या मिनिटाला लॅपचं बटण दाबा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी म्हणजे तुमचा उंबरठा. सोबतीला शर्यत लावू नका, शर्यतीत माणूस सहज जास्त ताणतो.

आणि एक चाचणी अशी जिच्यात दमायचं नसतंच. एक तास बोलता येईल अशा वेगाने पळा आणि दोन अर्धे तास वेगळे पाहा. समजा पहिल्यात ५००० मीटर, सरासरी नाडी १४०: म्हणजे ४२०० ठोके, एका ठोक्याला १.१९ मीटर. दुसऱ्यात ४८५० मीटर, नाडी १४७: ४४१० ठोके, ठोक्याला १.१० मीटर. घट साडेसात टक्के. पाच टक्क्यांच्या आत घट असेल तर पाया पक्का. जास्त असेल तर आधी हवा पाहा. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, उरलेलं रक्त थंडाव्यासाठी त्वचेकडे वळतं, एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. मे महिन्यात अकोल्यात सकाळी आठला काढलेला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी ताडणं म्हणजे उन्हाची चाचणी. वहीत तापमान आणि वेळ लिहिल्याशिवाय नाडी लिहूच नका. आदल्या रात्रीची झोप, चहा-कॉफी आणि चालू असलेली औषधंही. रक्तदाबाच्या काही गोळ्या (बीटा-ब्लॉकर) नाडी दाबून ठेवतात, त्या घेणाऱ्याला वरची कोणतीही नाडीची गणितं लागू पडत नाहीत.

जोराच्या चाचण्या सहा ते आठ आठवड्यांनी एकदा पुरेत.

बोटाचा ईसीजी आणि खरा ईसीजी

मोबाईलला जोडायची बोटाची ईसीजी पट्टी किंवा घड्याळातला ईसीजी एकाच दिशेने हृदय पाहतो, साधारण ३० सेकंद. धडधड होत असतानाच काढला तर फार मोलाचा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असते. बसून, कोपर टेबलावर टेकून, बोटं ओलसर करून काढा, आणि पीडीएफ जपून ठेवा. त्यावर 'नॉर्मल' आलं म्हणजे स्नायू जाड नाही, रक्तवाहिनी बंद नाही, असा अर्थ होत नाही. ते पाहण्याची त्याची कुवतच नाही.

बारा-लीडचा (बारा दिशांनी हृदय पाहणारा) ईसीजी काढायला जाल तेव्हा कागदावर लिहून द्या: कोणता खेळ, आठवड्याला किती तास, किती वर्षं. हे न सांगितल्यामुळे निष्कारण घाबरवलेले खेळाडू बरेच आहेत. मंद नाडी, पहिल्या दर्जाचा ब्लॉक, अपूर्ण उजवा बंडल ब्लॉक, लवकर पुनर्ध्रुवीकरण (अर्ली रीपोलरायझेशन) या अहवालात लिहून येणाऱ्या गोष्टी सराव केलेल्या हृदयात नेहमी दिसतात, आणि खेळाडूंच्या ईसीजीसाठी २०१७ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्या सामान्यच धरल्या आहेत. उलट डाव्या बाजूच्या लीडमध्ये उलट्या टी-लहरी असतील तर 'खेळाडू आहे, चालायचंच' म्हणून सोडून देता येत नाही. तिथे इको लागतो, बऱ्याचदा एमआरआयही.

इकोमध्ये डाव्या कप्प्याची भिंत १३ ते १६ मिलिमीटरच्या दरम्यान आली तर ती सरावाने जाड झाली की आजाराने, हे एका तपासणीत ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर घरच्यांचाही ईसीजी-इको करायला सांगतात, आणि काही वेळा सराव काही महिने पूर्ण बंद ठेवून पुन्हा इको करतात. सरावाने जाड झालेली भिंत त्या काळात पातळ होते, आजाराची होत नाही. त्या महिन्यांत 'थोडंसं जॉगिंग' केलं तर तपासणीच वाया जाते, हे खेळाडूला आणि त्याच्या कोचला दोघांनाही आधीच सांगून ठेवा.